ओढायचं किती, वाहायचं किती

ऑर्डेल ब्राटेनच्या नव्या ट्रकची सीट हिवाळ्यात गरम व्हायची, उन्हाळ्यात गार व्हायची आणि सांगितलं तर पाठही दाबून द्यायची. एवढी सेवा करून झाल्यावर माल वाहायला ट्रकच्या अंगात फारसं काही उरत नव्हतं. ही गोष्ट कंपनीने लपवली नव्हती. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला तळहाताएवढी पिवळी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर स्वच्छ छापली होती. पण स्टेनव्हिक गावात ट्रक घेणारा माणूस दार उघडून आत बसतो, दार उघडून वाचत उभा राहत नाही.

वाचली ती त्याच्या बायकोने. मार्लिसला वाचायचा शौक होता म्हणून नव्हे. औषधाच्या दुकानासमोर ऑर्डेल कोणाशी तरी 'चला, निघतो' म्हणून बोलायला थांबला होता, आणि नॉर्थ डकोटाच्या या भागात 'चला, निघतो' म्हटल्यापासून माणूस खरोखर निघेपर्यंत एखादं पातळ पुस्तक वाचून होतं. पुस्तक नव्हतं, दार उघडं होतं, चिठ्ठी डोळ्यांसमोर होती. माणसं आणि सामान मिळून तेराशे ऐंशी पौंडांच्या वर जाऊ नये, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मार्लिसने तीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर काढली होती. लोक तोंड उघडून काय सांगतात आणि आत काय निघतं, यातला फरक तिला पाठ होता.

कारण ऑर्डेल एप्रिलपासून गावाला सांगत होता की हा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो. विकणाऱ्याने त्याला तसं सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्यांचा राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड, पलंग-चूल-संडासासकट भरला तरी साडेसहा हजाराच्या आसपास भरायचा. अकरातून साडेसहा गेले, साडेचार हजार हातात राहिले. कॅफेतल्या रोजच्या टेबलावर हा हिशेब मांडला की सगळे कॉफीच्या कपात बघून माना डोलवायचे.

पण ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. ज्याने बैलगाडी जवळून पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. बैल जेवढं ओढतो तेवढं त्याच्या मानेवर ठेवलं तर बैल बसेल. ट्रेलर आपल्या चाकांवर चालतो हे खरं, पण त्याची पुढची दांडी ट्रकच्या हुकावर टेकलेली असते, आणि त्या दांडीतून जो भार खाली येतो तो ट्रकच्या पाठीवर. ब्राटेनांच्या ट्रेलरचा हा भार आठशे पौंड होता. तेराशे ऐंशीतून आठशे गेले, हुकाच्या लोखंडाचे ऐंशी गेले, राहिले पाचशे. त्यात नवरा, बायको आणि पाच महिन्यांचा संसार.

ऑर्डेलने सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं होतं, हेही दुखणं होतंच. काचेचं छप्पर, दार उघडलं की आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, देवळात शोभतील एवढे स्पीकर. हे सगळं ट्रक आधी स्वतः वाहतो आणि मग उरलेल्या ताकदीत तुम्हाला. त्यांचा शेजारी लव्हर्न शेतावर जो पांढरा ट्रक चालवायचा, त्याच्या काचा हाताने फिरवाव्या लागत, खाली रबराचं जाजम होतं, आणि तो याच्या दीडपट माल वाहायचा. मार्लिसने हे एकदा बोलून दाखवलं. लव्हर्नच्या ट्रकमध्ये उंदीर आहेत, असं ऑर्डेल म्हणाला. विषय संपला.

मार्लिसला वजनाचं वेड लागलेलं नव्हतं. मागच्या साली, जुना ट्रक असताना, ऑर्डेलने एक युक्ती केली होती. ट्रकवर भार नको म्हणून त्याने सगळं जड सामान ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला रचलं. हुकावरचा भार खरंच कमी झाला. पण गाडी उलाळ झाली, मागे झुकली. साउथ डकोटात उघड्या माळावर बाजूचा वारा लागला आणि मागचा ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला. आधी हळू, मग एवढा की मार्लिसला खिडकीच्या आरशात एकदा आपलीच न्हाणीघराची खिडकी दिसली आणि एकदा दिसली नाही. ऑर्डेलने कसाबसा वेग उतरवून गाडी कडेला घेतली आणि बऱ्याच वेळाने म्हणाला की वारा जरा होता. त्या संध्याकाळी मार्लिसने एकच अट घातली. पुढच्या खेपेला निघण्याआधी ट्रक गावच्या मोठ्या काट्यावर चढेल, आणि दारावर लिहिलंय त्याच्या वर काटा गेला तर ती आत बसणार नाही. ऑर्डेलने मान डोलावली, आणि अट पाळण्यासाठी नवा ट्रक घेतला. वाचण्यापेक्षा विकत घेणं त्याला सोपं जायचं.

आता त्या अटीचा फास तिच्याच गळ्यात होता. दोन हिवाळ्यांपूर्वी ती टपालपेटीपर्यंत जाताना बर्फावर घसरली होती आणि कमरेचं हाड मोडून बसली होती. मागचा अर्धा हिवाळा ॲरिझोनात उन्हात काढला तेव्हा ती काठीशिवाय चालायला लागली. या वर्षी जाणं झालं नाही, तर नोव्हेंबर ते मार्च तळघरातल्या लोणच्याच्या बरणीसारखं घरात बसायचं होतं. तिला जायचं होतं. मरत मरत जायचं नव्हतं. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते एका पिवळ्या चिठ्ठीवर आणि एका नवऱ्यावर अवलंबून होतं. चिठ्ठीवर तरी भरवसा होता.

ऑर्डेल मात्र, काम अंगावर घेतलं की, जीव तोडून करणारा. त्याने न्हाणीघरातला वजनाचा काटा गॅरेजमध्ये नेला आणि एकेक वस्तू त्याच्यावर चढवायला लागला. स्वतःचं वजन त्याने दोनशे वीस धरलं. मार्लिसला विचारलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच केला होता आणि करताना तो गॅरेजच्या छताकडे बघत होता. मार्लिसने एकशे पंचेचाळीस सांगितलं. काटा दोघांच्या मध्ये, जमिनीवर होता. कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

हत्यारांची पेटी सत्तर पौंड. ती तर लागतेच. मागच्या हौद्यावरचं झाकण पंचवीस. म्हणजे बाकी राहिले चाळीस पौंड, असं ऑर्डेलने जाहीर केलं आणि त्या चाळीस पौंडांचा तो मालक असल्यासारखा वागायला लागला. मार्लिसची बिडाची कढई बाहेर गेली. शिवणयंत्र बाहेर गेलं. बाहेर जाताना त्याचा उल्लेख 'एवढंसं लोखंड' असा झाला. चार पुस्तकांतली दोन निवडायला सांगण्यात आलं. शाम्पूची बाटली त्याने उचलून बघितली आणि अर्धी ओतून टाकता येईल का, असं अगदी सौम्यपणे विचारलं. मार्लिस म्हणाली, येईल, तुझ्या डोक्यावर. पण ते ती मनात म्हणाली.

इथपर्यंतही ठीक होतं. नवरा कंजूष असेल तर बाई सहन करते, सगळ्यांशीच कंजूष असेल तर. पण गुरुवारी ब्राटेन निघणार ही बातमी गावात पसरली, आणि लोक यायला लागले.

जाताच आहात तर एवढं न्या. जगाच्या पाठीवर हे वाक्य कोणालाही चुकलेलं नाही. ॲरिझोनातल्या मेसा शहरात या भागातली निम्मी म्हातारी माणसं हिवाळ्यात जाऊन राहतात, त्यामुळे प्रत्येकाचं तिथे कोणी ना कोणी होतं. आणि स्टेनव्हिकमध्ये नकाराचीही एक रीत आहे. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसराही शिष्टाचाराचाच, आणि तिसऱ्यांदा कोणी आग्रह केला की 'बरं, एवढं म्हणतोस तर' असं म्हणून घ्यायचं. तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा माणूस गावाने पाहिलेला नव्हता. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी वाढपी जिलेबी वाढतोच, कारण हात आडवा धरणं हाही जेवणाचाच भाग असतो, तसंच हे.

पहिली आयोला आली. आयोला पलीकडच्या गल्लीत राहायची, विधवा, हाताने सढळ. तिच्या बहिणीला मेसात लेफ्सा करायची होती, म्हणजे बटाट्याची मऊ पातळ पोळी, आणि तिथल्या बटाट्याला म्हणे अंगच नाही, लाटायला घेतलं की फाटतो. म्हणून इथल्या लाल बटाट्यांचं एक पोतं, पन्नास पौंडांचं. मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ऑर्डेलने एकदा मान हलवली. दुसऱ्यांदा हलवली, खाली ट्रककडे बोट दाखवून काहीतरी समजावलंही. मार्लिसच्या मनात आशा उगवली. मग आयोलाने तिसऱ्यांदा विचारलं आणि ऑर्डेलने पोतं खांद्यावर घेतलं.

मार्लिस बाहेर आली तेव्हा पोतं हौद्यात होतं.

"चाळीस पौंड होते आपल्याकडे," ती म्हणाली.

"बटाटे आहेत गं ते," ऑर्डेल म्हणाला. जणू बटाट्यांचं वजन वेगळ्या खात्यात धरतात.

दुसऱ्या दिवशी लव्हर्न हरणाच्या मांसाच्या सॉसेजची थंड पेटी घेऊन आला, पस्तीस पौंड. एक नाही, दोन नाही, तिसऱ्यांदा पेटी आत. ऑर्डेलचं म्हणणं असं की लव्हर्न पाच महिने त्यांच्या दारातलं बर्फ उपसणार आहे, त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं. मार्लिसने विचारलं की मग माझं शिवणयंत्र कोणत्या तोंडाने काढलंस. ऑर्डेल म्हणाला की ते घरचं आहे. यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. जितका विचार केला तितका राग चढत गेला, कारण त्यात तथ्य होतं. या माणसाने पंचेचाळीस वर्षं जगाला हो म्हटलं होतं, आणि ते सगळे हो कुठून तरी काढून आणावे लागत होते. ते घरातून यायचे.

तिने ठरवलं की आता दाराशी आपणच उभं राहायचं. बुधवारी सकाळी चर्चची तरुण पास्टर आली, दोन खोक्यांत जुनी भजनपुस्तकं घेऊन. मेसात आपल्या माणसांची रविवारी प्रार्थना भरते, तिथे पुस्तकं कमी पडतात. मार्लिसने नाही म्हटलं. कारण सांगितलं, हुकावरचा भार समजावला, दारापर्यंत नेऊन पिवळी चिठ्ठी दाखवली. पास्टरने सगळं मनापासून ऐकलं आणि पुन्हा विचारलं. मार्लिसने पुन्हा नाही म्हटलं. मग पास्टर नुसतीच हसली आणि तिसऱ्यांदा विचारलं, आणि मार्लिसला आपल्याच तोंडातून 'बरं, एवढं म्हणताय तर' हे शब्द बाहेर पडताना ऐकू आले. खोकी पन्नास पौंडांची होती. ऑर्डेल गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने पुढे होऊन खोकी हौद्यात नेऊन ठेवली. त्यामुळे ते जास्तच लागलं.

गुरुवारी सकाळी ट्रेलर जोडून ते काट्यावर गेले.

स्टेनव्हिकचा काटा म्हणजे धान्याच्या कोठाराचा काटा. गव्हाचे मोठे ट्रक त्याच्यावर चढतात, आणि ड्रायव्हरला केबिनमधूनच वाचता यावं म्हणून बाहेर खांबावर लाल आकड्यांची पाटी लावलेली आहे. एकेक आकडा हातभर उंच. पाटीचं तोंड रस्त्याकडे, आणि रस्त्यापलीकडे कॅफे. कापणी संपलेली, बीट उचलून झालेले, बर्फ पडायला अजून दोन दिवस. कॅफेतल्या माणसांना त्या आठवड्यात बघायला दुसरं काही नव्हतं. ट्रक काट्यावर चढला, ट्रेलरची चाकं मागे जमिनीवरच ठेवली, म्हणजे ट्रक आणि ट्रकच्या पाठीवरचं ओझं तेवढंच मोजलं जावं. ही रीत मार्लिसला कोठाराच्या सेल्मरने फोनवर सांगितली होती. दारावरच्या दुसऱ्या चिठ्ठीप्रमाणे ट्रक, माणसं, सामान, हुक, सगळं मिळून सात हजार शंभरपर्यंत चाललं असतं.

पाटीवर आकडे फिरले आणि थांबले. सात हजार दोनशे साठ.

कॅफेचं दार उघडलं. आधी लव्हर्न बाहेर आला, मग आणखी दोघं-तिघं, मग आयोला. हातात कप होतेच. प्रत्येकाकडे उपाय होता. एक म्हणाला, टायरांत हवा वाढव. एक म्हणाला, कंपन्या नेहमी कमीच लिहितात, कोर्टकचेरीला भिऊन. लव्हर्नचं मत पडलं की दक्षिणेकडे जायचं म्हणजे नकाशावर उतारच आहे. दीडशे पौंड म्हणजे काहीच नाही, यावर सगळ्यांचं एकमत होत होतं. मार्लिस आत बसून हे ऐकत होती. तिचं लक्ष हौद्याकडे होतं. तिथे आयोलाचे बटाटे होते, आणि बाहेर आयोला होती. लव्हर्नचं सॉसेज होतं, आणि लव्हर्न होता. ऑर्डेल खाली उतरून, पण काट्याच्या फळीवरच, हौद्याभोवती फिरत होता, म्हणून आकडा हलत नव्हता; झाकणावर हात ठेवायचा, काढायचा. एवढ्या माणसांसमोर कोणाची वस्तू परत करायची, हे कोडं त्याच्याने सुटणारं नव्हतं. एखाद्याने त्याला पाय कापून दे म्हटलं असतं तर कोणता, एवढंच त्याने विचारलं असतं.

शेवटी तो खिडकीशी आला. "मी काय म्हणतो," तो खाली बघत म्हणाला, "फार्गोहून फिनिक्सला विमान जातं."

मार्लिसला समजायला क्षणभर लागला. मग सगळं एकदम समजलं. या ट्रकमधून कोणाचंही मन न दुखवता उतरवता येईल असा एकच नग होता, आणि तो पुढच्या सीटवर पर्स घेऊन बसला होता.

विशेष म्हणजे तिला रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. फिनिक्स मेसाच्या शेजारीच, विमान म्हणजे तीन तासांत ऊन. अटही मोडत नव्हती, हिवाळाही चुकत होता. तिने पर्स उचलली आणि दार उघडलं. पायऱ्या आपोआप बाहेर आल्या. ती जमिनीवर उतरली, काट्याच्या फळीवरून खाली आली, आणि पाटीवरचे लाल आकडे फिरून थांबले. सात हजार ऐंशी.

वजाबाकी करायला कोणालाही कागद लागला नाही. हे गाव शंभर वर्षं धान्य मोजत आलेलं आहे. एकशे ऐंशी. ऑर्डेलचे ओठ किंचित हलले. एकशे पंचेचाळीसच्या हिशेबाने ट्रक अजूनही जास्तच भरला असता. बायकोने सांगितलेलं वजन खोटं निघालं म्हणून तो आता कायद्यात बसत होता. बाकीच्यांनी सभ्यपणा दाखवला. सगळे आभाळाकडे बघायला लागले, आणि वायव्येकडून ढग येताहेत असं कोणीतरी म्हणालं. आभाळ निरभ्र होतं.

मार्लिसच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती रस्ता ओलांडून कॅफेत गेली, खिडकीपाशी बसली आणि कॉफी मागितली. या क्षणाची तिला आयुष्यभर भीती वाटत आली होती. गावाला आपलं वजन कळलं. झालं. कॉफी नेहमीसारखीच पातळ होती. छत जागेवर होतं. तिने सफरचंदाचा पायही मागितला, वर आइस्क्रीम घालून. आता चोरी कशाची होती.

पहिला घास तोंडात होता तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं. आयोला आपल्या गाडीच्या डिकीतून दुसरं पोतं काढत होती. बटाट्यांचंच. ऑर्डेलने मान हलवली, एकदा. आयोलाने रिकाम्या सीटकडे हात केला. आता जागा आहेच तर, असं ती म्हणत असणार. काचेतून ऐकू येत नव्हतं, ऐकायची गरजही नव्हती. ऑर्डेलने दुसऱ्यांदा मान हलवली. लव्हर्न पुढे होऊन दार उघडून उभा राहिला, पायऱ्या अदबीने बाहेर आल्या, आणि पोतं मार्लिसच्या सीटवर बसलं. ऑर्डेल त्याला पट्टा लावत होता. सीटला वजन कळलं की पट्टा लावेपर्यंत गाडी भुंकत राहते. तिला माणूस आणि बटाटा यांतला फरक कळत नव्हता, आणि त्या घडीला त्या रस्त्यावर फरक कळणारं दुसरं कोणी दिसतही नव्हतं.

आयोला आणि लव्हर्न फळीवरून मागे सरले, आणि पाटीवर आकडा थांबला. सात हजार एकशे वीस.

मार्लिसने घास गिळला, तोंड पुसलं आणि बाहेर आली. ती कमरेला जपत, सावकाश रस्ता ओलांडून आली, त्यामुळे सगळ्यांना तिच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. ती थेट दारापाशी गेली आणि बटाट्यांचा पट्टा सोडला.

"ती माझी जागा आहे," ती म्हणाली.

आयोला म्हणाली, अगं पण तू विमानाने जाणार ना.

"नाही."

आयोलाने समजुतीने मान डोलावली आणि बहिणीची गोष्ट पुन्हा काढली: लेफ्साची, फाटणाऱ्या बटाट्याची, नाताळची. मग म्हणाली की एवढं एक पोतं काय जड आहे.

"नाही, आयोला. हेही नाही आणि हौद्यातलंही नाही."

आता तिसरी पाळी होती. रस्त्यावरची सगळी माणसं जरा सैलावली, कारण इथून पुढे गाडी रुळावर येते हे सगळ्यांना माहीत होतं. आयोला हसली. तिने मार्लिसच्या दंडावर हात ठेवला आणि फार प्रेमाने, तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," मार्लिस म्हणाली. "मला जिवंत पोचायचंय. बहिणीला सांग, तिथला बटाटा उकडून खा."

कोणाच्या तरी कपातली कॉफी सांडली. आयोलाचा हात दंडावर तसाच राहिला, मग हळूच निघून गेला. मार्लिस हौद्याकडे वळली. लव्हर्नला ती म्हणाली की सॉसेज उत्तम असणार याबद्दल शंका नाही, आणि पेटी उतरव. भजनपुस्तकांची खोकी तिने स्वतः हातात घ्यायला बघितली, तेव्हा लव्हर्ननेच गडबडीने घेतली. पोतीही उतरली, आणि पाटीवर आकडे खाली येत होते. मग ती आत जाऊन सीटवर बसली, लव्हर्न फळीवरून उतरला, आणि आकडे थांबले. सगळ्या गावाने डोळे मिटून न घेता ते पाहिलं. सात हजार एकशे वीस.

अजून वीस जास्त. उतरवायला परक्याचं आता काहीच उरलं नव्हतं.

मार्लिसने काच खाली केली आणि ऑर्डेलकडे पाहिलं. ऑर्डेलने तिच्याकडे पाहिलं नाही. तो हौद्यात हत्यारांच्या पेटीकडे बघत होता. ती त्याच्या वडिलांची पेटी होती, आणि तिच्यातला एक पाना सोडला तर गेल्या वीस वर्षांत त्याने प्रवासात काहीही वापरलेलं नव्हतं. तो एक पाना त्याने काढून खिशात घातला. मग पेटी ओढली, खाली घेतली आणि काट्याच्या कडेला ठेवली. लव्हर्न म्हणाला, अरे आण, मी नेतो घरी. ऑर्डेल म्हणाला नको. लव्हर्न म्हणाला, अरे आण की. ऑर्डेल म्हणाला, नको म्हटलं ना, आणि लव्हर्नने तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच पेटी त्याच्या हातात दिली.

ऑर्डेल चढून बसला. सात हजार साठ. सेल्मरने कोठाराच्या खिडकीतून हात हलवला. आयोलाने हलवला नाही. ती पोत्यांशेजारी उभी होती, पाहुण्यांना जेवायला बोलावून कोणी आलंच नाही अशा चेहऱ्याने. मार्लिसला वाईट वाटलं. ते तिने मोजून पाहिलं, झेपण्यासारखं होतं.

गाव मागे पडलं, कापलेल्या शेतांची काळी जमीन दोन्ही बाजूंना लागली. वारा होता, बाजूचाच. ट्रेलर आरशात जिथे असायला हवा तिथेच होता, सरळ, मुकाट. मार्लिसने दोन-चारदा पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. ऑर्डेलने तिची सीट गरम करायचं बटण दाबलं. पन्नासेक मैल तसेच गेले.

"एकशे ऐंशी?" तो अखेर म्हणाला.

"गव्हाचा काटा आहे तो," मार्लिस म्हणाली. "वीस-वीस पौंडांनी सरकतो. जवळचा आकडा दाखवतो."

ऑर्डेलने यावर एखादा मैल विचार केला.

"वरचा जवळचा, का खालचा?"

"रस्त्याकडे बघ," मार्लिस म्हणाली.